एकोणीस उत्तरपत्रिका

१

किल्ली फिरली, कपाट उघडलं, आणि वरच्या कप्प्यात दोनाऐवजी एकच गठ्ठा होता.

इन्स्पेक्टरबाईंनी आधी कप्पा हाताने चाचपला, मग खालचा बघितला, मग कपाटामागे डोकावून पाहिलं. गठ्ठा नव्हता. काल संध्याकाळी पाच वाजता त्यांनी स्वतः दोन गठ्ठे आत ठेवले होते. एक लहान गटाच्या उत्तरपत्रिकांचा, एक मोठ्या गटाच्या. दोन्ही खाकी कागदात बांधलेले, दोन्हींवर लाखेचा शिक्का. लहान गटाचा जागच्या जागी होता. मोठ्या गटाच्या एकोणीस उत्तरपत्रिका गेल्या होत्या.

बाई म्हणजे पोलीस नव्हेत. तीस वर्षं त्यांनी शाळा तपासल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण लोकांनी दिलेलं नाव काही निवृत्त झालं नाही. आता त्या एका ट्रस्टच्या सल्लागार होत्या. डोंगरातल्या दूरच्या शाळांना हा ट्रस्ट पुस्तकं देई, कपाटं देई, आणि मुख्य म्हणजे एक जास्तीचा शिक्षक देई. वर्षातून एकदा बाई येऊन मुलांची परीक्षा घेत. ती कालच झाली होती.

"कुलूप फोडलंय का?" मागून आवाज आला. दारात समन्वयक उभा होता. ट्रस्टचा या भागातला माणूस, सगळे त्याला साहेब म्हणत.

"नाही. किल्लीने उघडलंय आणि किल्लीनेच लावलंय."

"किल्ल्या दोनच. एक तुमच्याकडे."

"आणि एक हेडसरांकडे," बाई म्हणाल्या.

साहेबाने मान डोलावली. जणू त्याला एवढंच ऐकायचं होतं.

२

चोर बाहेरचा असणं शक्य नव्हतं, आणि गठ्ठा बाहेर जाणंही शक्य नव्हतं.

काल दुपारी आभाळ भरून आलं म्हणून मुलांना लवकर घरी सोडलं. ती पूल ओलांडून वरच्या वस्तीवर पोचली आणि तासाभरात ओढ्याने तो लाकडी पूल उचलून नेला. दिवेलागणीला खालच्या बाजूने मोठा धडाडा झाला. दरड कोसळली होती. खाली जाणारी पायवाट दगडमातीखाली गेली. आता वर ओढा, खाली दरड, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि मध्ये शाळा: एक वर्ग, एक ऑफिस, एक स्वयंपाकघर, राहायच्या दोन खोल्या. फोनला रेंज नव्हतीच. पीठ आणि बटाटे चार दिवसांचे होते.

आणि माणसं पाच. बाई, साहेब, हेडसर, ताई आणि मावशी.

ताई म्हणजे ट्रस्टने दिलेली शिक्षिका. तिशीची, बोलायला कमी, चालायला भराभर. मोठा गट तिच्याकडे होता. लहान गट हेडसर शिकवत. तेच मुख्याध्यापक आणि एरवी शाळेचे एकमेव मास्तर. मावशी मुलांचं जेवण रांधायची. ती वस्तीवरची, पण पूल गेल्यामुळे इथेच अडकली होती. रात्री तिन्ही बायका ताईच्या खोलीत झोपल्या, दोघे पुरुष हेडसरांच्या.

बाईंनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि दोन्ही खोल्या, अंथरुणं, ट्रंका, पिठाचे डबेसुद्धा पाहिले. काही सापडलं नाही. स्वयंपाकघरात मात्र त्या थबकल्या. तिथे एक लोखंडी कपाट होतं, ऑफिसातल्यासारखंच, ट्रस्टने एकाच वेळी पाठवलेलं. त्याची किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. बाईंनी आपल्या पर्समधली किल्ली काढून शेजारी धरली. दोन्हींवर एकच आकडा ठोकलेला होता.

ऑफिसात जाऊन त्यांनी स्वयंपाकघराची किल्ली फिरवली. कपाट मुकाट्याने उघडलं.

म्हणजे किल्ल्या दोन नव्हत्या. तिसरी दिवसरात्र खिळ्याला लटकत होती, आणि ती चौघांपैकी कुणालाही घेता आली असती.

३

वर्गात उजेड बरा होता. बाईंनी तिथेच टेबल मांडलं आणि एकेकाला बोलावलं.

पहिली मावशी आली. पदराला हात पुसत बाकाच्या कडेवर टेकली.

"सकाळी काही वेगळं दिसलं का?"

"दिसलं नाही. वास आला."

"कसला?"

"तुमच्या त्या लाखेचा. काल शिक्का मारताना आलेला ना, तसा. सहाला चूल पेटवायला गेले तर चुलीत मूठभर राख. मी रात्री चूल साफ करून झोपते हो, कणभर ठेवत नाही."

"मूठभरच? एवढा गठ्ठा जाळला असता तर?"

"एवढे कागद जाळले तर राख घमेलंभर होते, आणि पापुद्रे उडतात घरभर. हा एखादाच कागद असणार, जाडसर."

बाईंनी मनात टिपून घेतलं. फक्त वेष्टण जाळलं होतं, उत्तरपत्रिका नाहीत. आणि सहाच्या आधी.

"सहाच्या आधी कोण उठलं होतं?"

"मी उठले तेव्हा सगळेच बाहेर. ताई नेहमीसारख्या पाण्याला. हेडसर दरड बघायला. साहेब फोन वर धरून इकडेतिकडे. तुम्हीच तेवढ्या झोपलेल्या," मावशी म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे प्रवासाने दमला होता ना."

मग साहेब आला. तो बसला नाही. खिडकीपर्यंत जायचा, दरडीकडे बघायचा, परत यायचा.

"मॅडम, यात तपास कसला? हेडसर अकरा वर्षं इथे आहेत. ट्रस्ट यायच्या आधी या शाळेत पाचवीच्या पोराला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. निकाल वाईट येणार हे त्यांना माहीत होतं. गठ्ठा गायब. मी त्यांचा जबाब लिहून ठेवलाय, फक्त सही हवी."

"निकाल वाईट येणार असं तुम्हाला वाटतं?"

"मला कशाला वाटेल? माझ्या अहवालात शाळा उत्तम आहे. यंदा बारा शाळा सुधारलेल्या दाखवायच्यात. ही बारावी. गठ्ठा नाही म्हणजे निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणजे अकराच." तो पुन्हा खिडकीशी गेला. "किती दिवस लागतात हो दरड काढायला?"

हेडसर आले ते टोपी हातात घेऊन. पन्नाशीचा माणूस, पण या टेबलापुढे विद्यार्थ्यासारखा उभा राहिला.

"मॅडम, माझी किल्ली माझ्या गळ्यात होती. आंघोळीलाही काढत नाही."

"किल्लीचं राहू द्या. निकाल कसा लागला असता, तुमच्या मते?"

त्यांचा चेहरा उजळला. "फार छान. मोठ्या गटाचा तर नक्कीच. ताईंनी जीव ओतलाय. माझा लहान गट जरा कच्चा आहे, खोटं कशाला बोलू. पण मोठी पोरं पानभर लिहितात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "निकाल चांगला आला की ट्रस्ट अजून एक शिक्षक देईल ना? तसं मनाशी धरून बसलोय."

बाईंनी नजर टेबलावर वळवली. ट्रस्टचा नियम हेडसरांना माहीतच नव्हता. पलीकडे ताई दाराशी बोलावण्याची वाट बघत उभी होती.

४

ताई बसली, हात मांडीवर, नजर फळ्यावर.

"पाण्याला किती वाजता गेलात?"

"साडेपाचला. रोजचीच वेळ."

"परत?"

"सहाच्या सुमाराला."

"कुणावर संशय?"

"नाही."

"तुमचं नुकसान सगळ्यांत मोठं झालं, ताई. दोन वर्षांची मेहनत होती त्या गठ्ठ्यात."

"हो," ती म्हणाली. "मुलांचं नुकसान व्हायला नको."

ती गेली. दुपार झाली. मावशीने उकडलेले बटाटे आणि चहा आणून दिला. बाहेर धुकं इतकं दाट झालं की समोरचा कडा दिसेनासा झाला. खिडकीला कुणीतरी पांढरी चादर बांधल्यासारखं वाटत होतं. व्हरांड्यात साहेबाच्या बुटांचा आवाज टोकापासून टोकापर्यंत जात होता आणि परत येत होता. हेडसर पायरीवर बसून होते. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. आपल्या नावाचा जबाब लिहून तयार आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

बाईंना एक गोष्ट सकाळपासून खुपत होती. आता बटाटा सोलताना ती त्यांच्या हाताला लागली.

चोराला वाईट निकाल लपवायचा असता, तर त्याने लहान गटाचा गठ्ठा नेला असता. काल परीक्षेत त्या स्वतः बाकांमधून फिरल्या होत्या. लहान मुलं अडखळत होती, खोडत होती. मोठी मुलं मान खाली घालून लिहीत सुटली होती. दोन्ही गठ्ठ्यांवर गटाचं नाव ठळक लिहिलेलं होतं. चूक व्हायला जागाच नव्हती.

चोराने चांगला निकाल नेला होता. वाईट तसाच ठेवला होता.

चांगला निकाल कुणाला नको असेल? साहेबाला तो हवा होता, बारावी शाळा म्हणून. हेडसरांना हवा होता, दुसऱ्या शिक्षकाच्या आशेने. मावशीची भाचीच मोठ्या गटात होती.

बाईंनी बटाटा खाली ठेवला. आपल्याकडून निदान निकालाचा अंदाज तरी नेऊ, असं ठरवून त्या उठल्या. मागच्या भिंतीला ओळीने कापडी पिशव्या टांगलेल्या होत्या. मोठ्या गटातल्या प्रत्येक मुलाची एक, वर नाव, आत वर्षभराच्या वह्या आणि चित्रं. सकाळी त्यांनी पिशव्यांकडे बघितलं होतं, पण मुलांच्या पसाऱ्यात हात घातला नव्हता. वह्यांवरून काही अंदाज येईल, म्हणून त्यांनी पहिली पिशवी उतरवली.

चित्रांच्या मागे, नीट घडी घातलेली, सात नंबरची उत्तरपत्रिका होती.

५

एकोणीस पिशव्या, एकोणीस उत्तरपत्रिका. एकही कमी नव्हती.

बाई खालीच बसल्या, जमिनीवर. उत्तरपत्रिकांवर मुलांची नावं नव्हती, फक्त नंबर. तपासताना ओळख निघू नये म्हणून त्या नेहमी तसंच करत, आणि नंबर वाटताना हजेरीचा क्रमही मोडत. कुणाचा नंबर कोणता, याची यादी त्यांच्या पर्समध्ये होती, आणि पर्स रात्री उशाखाली होती. त्यांनी यादी काढली. सात नंबर ज्या मुलीचा, तिच्याच पिशवीत सात. बारा नंबर ज्याचा, त्याच्याच पिशवीत बारा. एकोणीसच्या एकोणीस जिथल्या तिथे.

साडेपाच ते सहा. एवढ्या वेळात कपाट उघडायचं, वेष्टण जाळायचं आणि एकोणीस कागद नावांशिवाय योग्य पिशव्यांत घालायचे. वह्या काढून अक्षर ताडून बघायला अर्धा दिवस लागला असता. आणि शोध संपल्यापासून बाई वर्गातून हलल्या नव्हत्या. ज्याने हे केलं, त्याला अक्षर बघताक्षणी मूल दिसत होतं.

खात्रीसाठी त्यांनी हेडसरांना हाक मारली, आणि नाव झाकून तीन वह्या दाखवल्या. हेडसरांनी डोळे बारीक केले, दोन चुकले आणि ओशाळून हसले. "मोठा गट ताईंचा ना, मॅडम."

मग बाईंनी ताईला बोलावलं. टेबलावर एक उत्तरपत्रिका ठेवली, स्वतःच्या बाजूने सरळ, ताईच्या बाजूने उलटी. वरचा नंबर हाताखाली झाकला.

"हे अक्षर फार गिचमिड आहे. कुणाचं म्हणायचं?"

"मावशींच्या भाचीचं," ताई सहज म्हणाली. "ती उकार देताना हात..." आणि थांबली.

बाईंनी नंबरावरचा हात उचलला. ताईने हळूच बाक ओढला आणि बसली.

"जाळून टाकायच्या होत्या," ती म्हणाली. "चुलीपाशी गेलेसुद्धा. वरचा कागद टाकला. मग पहिली उत्तरपत्रिका दिसली, हीच. स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहा, असा प्रश्न होता ना तुमचा? म्हैस कशी व्याली ते तिने लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या पोरीला पेन्सिल धरता येत नव्हती. मला नाही जाळता आली. ज्याची त्याला द्यावी म्हटलं."

"का केलंत हे?"

"तुम्हाला माहीत आहे. नियम तुमचाच आहे."

६

तो नियम बाईंनी तीन वर्षांपूर्वी केला होता. ट्रस्टच्या मोठ्या टेबलाशी बसून, चहा पिता पिता. मोठ्या गटातल्या शंभरातल्या ऐंशी मुलांना पानभर स्वतःच्या मनाने लिहिता आलं, की ती शाळा सुधारलेली धरायची आणि जास्तीचा शिक्षक तिथून काढून पुढच्या कच्च्या शाळेत पाठवायचा. सगळ्यांनी वाहवा केली होती. शिक्षक थोडे, शाळा फार. यापेक्षा न्याय्य काय असणार? नियम शिक्षकांच्या करारात होता आणि ट्रस्टच्या कागदांत होता. शाळांना कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"इथे यायच्या आधी मी डोंगरापलीकडच्या शाळेत होते," ताई म्हणाली. "वर्षभर राबले. पोरं लिहायला लागली आणि मला उचललं. निघताना एक मुलगी म्हणाली, आम्ही नापास झालो असतो तर तुम्ही राहिला असता का? काय सांगणार तिला? तिची पत्रं यायची, खेचरवाल्यांबरोबर. पहिलं दोन पानांचं. मग एका पानाचं. मग चार ओळी, त्याही चुकीच्या. गेल्या हिवाळ्यात नुसतं चित्र आलं. तिथले मास्तर आजारी पडून गेले, दुसरा आलाच नाही. आणि ट्रस्टच्या वहीत ती शाळा अजून सुधारलेलीच आहे."

"मला सांगायचं होतंत."

"तीनदा लिहिलं. साहेबांकडे."

बाई उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या. सगळे तिथेच होते. जायला जागा कुठे होती? बाईंनी घडलं ते सांगितलं, काही न लपवता. हेडसर ताईकडे वळले.

"म्हणजे," ते म्हणाले, "पोरं पास व्हावीत म्हणून मी देव पाण्यात ठेवून बसलो होतो, आणि पास झाली असती तर तुम्ही जाणार होता?"

ताईने मान डोलावली.

"मला सांगितलं असतं तर किल्ली मीच दिली असती हो."

"हेडसर," साहेब म्हणाला, "ही चोरी आहे. वर कळवावी लागेल."

"कळवणार आहे," बाई म्हणाल्या. "त्याआधी तो जबाब फाडा आणि हेडसरांची माफी मागा. आणि मला सांगा, पलीकडच्या शाळेत तुम्ही शेवटचे कधी गेला होता?"

साहेबाने जबाबाचे दोन तुकडे केले, मग चार. हेडसरांकडे न बघताच "चुकलं माझं" म्हणाला. "सुधारलेल्या शाळांना आपण भेट देत नाही, मॅडम. त्याचा फॉर्मच नाही."

"आणि ताईंची पत्रं?"

"ती कुठल्या रकान्यात घालायची तेच कळेना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच खाली बसला.

त्या संध्याकाळी बाईंनी उत्तरपत्रिका तपासल्या. एकोणिसापैकी सतरा मुलांनी पानभर लिहिलं होतं. निकाल त्यांनी खरा भरला. ताईने केलं तेही लिहिलं, ताईच्या समोर. ताईने वाचून खाली सही केली.

७

तिसऱ्या दिवशी वस्तीवरच्या माणसांनी ओढ्यावर दोन ओंडके टाकले. खालची दरड मात्र तशीच होती. साहेब तिच्याकडे तोंड करून बसला. बाईंनी पिशवी भरली आणि वरच्या वाटेला लागल्या. मावशीचा भाऊ खेचर घेऊन डोंगरापलीकडे निघाला होता.

"गुडघे दुखतात ना तुमचे?" ताईने ओंडक्यांपाशी विचारलं.

"दुखतात. चढू द्या."

पलीकडची शाळा दिवस कलायच्या आत लागली. दाराच्या कडीला दोरी बांधलेली होती. निरोप गेला तशी मुलं जमली, अकरा. वर्गात धूळ होती, पण पुस्तकं ट्रस्टने दिली तशी फळीवर उभी होती. मुलांतली सगळ्यांत मोठी मुलगी पुढे आली. तेरा-चौदा वर्षांची असेल. चित्र हिनेच पाठवलं असणार.

"वाचतेस?" बाईंनी विचारलं.

तिने पुस्तक घेतलं, छान सरळ धरलं आणि वाचायला लागली. स्पष्ट, न अडखळता, खाली बोट फिरवत. बाईंना हायसं वाटलं. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. मग मुलीने पान उलटलं, आणि बाईंच्या लक्षात आलं की मजकूर मागच्याच पानाचा चालू आहे. मुलगी वाचत नव्हती. दोन वर्षांपूर्वी ताईने शिकवलेला धडा तिने जसाच्या तसा जपून ठेवला होता आणि आता तो बोलून दाखवत होती, पुस्तकाकडे बघत, काही विसरू नये म्हणून भराभर.

बाईंनी तिला मध्ये थांबवलं नाही. धडा संपला तेव्हा त्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी कागद काढून ट्रस्टला पत्र लिहिलं. ऐंशीचा नियम माझा होता आणि तो चुकीचा आहे, असं पहिल्याच ओळीत. ताईने चोरी केली, शिक्षा द्यायची ती द्या, पण तिला त्या शाळेतून हलवू नका. सुधारलेल्या सगळ्या शाळा पुन्हा बघा, फॉर्म नसला तरी बघा. आणि शेवटी: या शाळेला शिक्षक मिळेपर्यंत सल्लागार इथेच राहील. सल्लागार परत हवा असेल, तर शिक्षक पाठवा.

पत्र खेचरवाल्याच्या हातात दिलं. खेचर वळणाआड गेलं. आता परतायचं म्हटलं तरी सोबत नव्हती.

मुलं अजून उभीच होती, ही म्हातारी आता काय करते ते बघत. बाईंनी तीस वर्षांत हजारो वर्ग मागे बसून पाहिले होते. फळ्यापाशी उभं राहायची वेळ एकदाही आली नव्हती. त्यांनी खडू उचलला. तो कसा धरायचा याचाच क्षणभर विचार पडला.

"बसा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "बसाल का? मला पण आजच सुरुवात करायची आहे."